बोरटाकळीची पोटुशी भिंत

इथं सावलीला या. गावकूस बघायला आलात ना? मग आधीच सांगून ठेवतो, बघण्यासारखं फार उरलेलं नाही. वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत भिंत सुतासारखी सरळ होती म्हणे. आता पावसानं तिचा ढिगारा झालाय, त्यावर शेरडं चरतात. उभा आहे तो एवढाच तुकडा, आणि तोही वाकडा. सरळ येणारी भिंत इथं एकदम बाहेर फुगते, एका घरापुरता वळसा घेते आणि परत रेषेत जाते. गावात हिला पोटुशी भिंत म्हणतात.

असं सांगतात, की पेंढाऱ्यांचा उपद्रव वाढला तेव्हा रायाजी पाटलांनी पांढऱ्या मातीची ही भिंत घालायला घेतली. गवंड्यानं दोरी ताणली. साऱ्या गावाची घरं आत आली, एक धोंडाई सुईणीचं खोपट तेवढं बाहेर राहिलं. कुणीतरी पाटलांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "एका खोपटापायी भिंत वाकडी करावी व्हय?" ज्या बाईच्या हातावर अख्खं गाव जन्मलं, तिलाच बाहेर ठेवून भिंत सरळ उभी राहिली. आपलेच पूर्वज, नावं तरी कशी ठेवायची. नगारा वाजला की वेशीतून आत यायचं, एवढं मात्र धोंडाईला सांगून ठेवलं होतं.

एका दुपारी बुरुजावरच्या राखणदाराला माळावर धूळ दिसली. नगारा झाला, वेस बंद झाली, दारामागे गाड्या आणि दगड रचले गेले. धोंडाई म्हातारी, ती पोचेपर्यंत उशीर झाला होता. आणि नेमकी त्याच घडीला पाटलांची सून गजरा अडली. मूल पायाळू येत होतं. आतल्या बायांनी हात टेकले. वेस उघडावी तर गाव जातं, न उघडावी तर सून जाते. पाटील भिंतीवर चढून नुसते खाली धोंडाईकडे बघत राहिले.

तेव्हा पाटलीणबाईंना सुचलं म्हणतात. बाळासाठी करून ठेवलेला पाळणा त्यांनी विहिरीवरच्या मोटेच्या जाड नाड्याला बांधला आणि भिंतीवरून खाली सोडायला लावला. धोंडाई अंगानं काटकुळी. बसता बसता म्हणाली, "जलमभर दुसऱ्यांची पोरं घातली पाळण्यात. आज मलाच घाला." पाटलांनी स्वतः नाडा ओढला. हाताची सालटी निघाली, तरी दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही.

गजरा सुटली. बाळ रडलं. ते रडणं ऐकून पेंढारी माळावरूनच मागे फिरले, असं आमच्या बायका सांगतात. पुरुष म्हणतात, भिंतीची उंची बघून फिरले. तुम्हाला पटेल ते घ्या.

पाटील म्हणाले, "धोंडाई, माग काय हवं ते."

"लुगडं नगं, चोळी नगं," ती म्हणाली. "फुडच्या बाळंतिणीकडं मला पायी येऊ द्या."

पाटलांची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी पहिली कुदळ त्यांनीच घातली आणि गवंड्याला सांगितलं, "होऊ दे वाकडी."

नव्या वळशाला पहिल्यांदा मूठभर माती लावली ती पाटलीणबाईंनी, नातवाच्या पाचवीला. तीच पुढं चाल पडली. ज्या घरी मूल जन्मेल त्या घरच्या वडीलधाऱ्यानं पाचवीला इथं मातीचा एक हात द्यायचा. सरळ भिंतीला माती लावायची आठवण कुणाला राहिली नाही, ती पावसात गेली. हिचं पोट मात्र वाढतच राहिलं.

आजही तसंच चालतं. माझी नात पुण्याला असते. तिथल्या मोठ्या दवाखान्यात तिला मुलगी झाली, म्हणजे मला पणती. आज पाचवी. तिकडं पूजा व्हायच्या आधी सकाळीच मी इथं येऊन माती कालवली. खरं सांगतो, फार बरं वाटलं. तो खालचा हात बघा, तो माझा. बोट लावा, अजून ओला आहे.