गाठ संपली की ओढ्यात

एका गावात एक भोळा हमाल होता, येसबा. डोंगरातल्या नाक्यावर कामाला लागला. तिथं गाठोडी यायची, पुढच्या नाक्याला जायची. सगळी वाट कुणालाच ठाऊक नव्हती. ज्याला त्याला पुढचा नाका तेवढा ठाऊक. तरी माल पोचायचा बघा.

नाकेदार नाना म्हणाला, "गाठोड्याला दोन चिठ्ठ्या असतात. आतली मालकाच्या नावाची, तिला हात लावायचा नाही. वरची पुढच्या नाक्याची, ती काढून नवी लावायची. आतलं तसंच, वरचं बदलायचं. कळलं?"

"कळलं."

तेवढ्यात नानाचा व्याही आला. येसबानं त्याचं पागोटं काढलं आणि डोक्याला पोतं गुंडाळलं.

"वरचं बदललं," म्हणाला. "आतलं तसंच आहे."

नाना म्हणाला, "अरे बाबा, ते मालाला. माणसानं काही विचारलं तर ठाऊक असलेलं सांगायचं. ठाऊक नसलं तर मोठ्या नाक्याकडं धाडायचं."

घरी आईनं विचारलं, "येसू, मीठ कुठं ठेवलंस रे?"

"मोठ्या नाक्यावर विचार."

म्हातारी डोंगर चढून गेली. बिनमिठाची परत आली.

मग तिनं ठरवलं, ह्याला बायकोच पाहिजे. जोडे झिजवले, तेव्हा कुठं एक गोजरा मिळाली. "एवढी टिकव रे बाबा," आई म्हणाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी नानानं उरलेलं शिकवलं. "निघताना गाठोड्याला गाठी मारतात. दर नाक्यावर एक सोडायची. गाठी संपल्या की माल ओढ्यात टाकायचा. नाहीतर वाट चुकलेलं गाठोडं जन्मभर फिरत बसेल."

"कळलं."

लग्न लागलं. करवलीनं नवरीच्या पदराला नवऱ्याचं उपरणं बांधलं. वरात पुढं गेली, ही दोघं मागून पायी. वाटेत ओढा ओलांडला, नाका आला. येसबा थांबला. गाठ सोडली. मग गोजराला उचललं, माघारी नेलं आणि ओढ्यात ठेवलं.

दारात आई माप मांडून उभी.

"सून कुठाय?"

"गाठ संपली. ओढ्यात टाकली."

आईनं कपाळाला हात लावला. आता ही पोरगी माहेरची वाट धरणार. तर गोजराच आली, निथळत.

"अहो, गाठ आपल्या दोघांत एकच होती ना?"

"एकच."

"मग तुमच्याकडं किती उरली?"

येसबानं उपरणं उलटंपालटं करून बघितलं. गुमान उठला आणि ओढ्यात जाऊन बसला.

दिवस कलला. गोजराला दया आली. तिनं ओढ्यात उतरून त्याच्या उपरण्याला चांगली घट्ट गाठ मारली. "चला आता, भाकरी निवली."

येसबा खुशीत निघाला.

पण घरची वाट नाक्यावरूनच जाते ना. तिथं तो थांबला. गाठ सोडली. आणि फिरला माघारी.