सात घोंगड्यांचा गाळा

फार वर्षांपूर्वी, नदीकाठच्या एका नगरीत एका खोलीतून दिवसभर आवाज यायचा. खट्, खट्, ठप्प. खट्, खट्, ठप्प.

'खट्' हा मागाचा आवाज आणि 'ठप्प' हा भिंतीचा. घोंगडी विणणाऱ्या एका माणसानं ती खोली भाड्यानं घेतली होती. करार वाचला गेला तेव्हा त्याला निम्मे शब्द कळले नव्हते. पण चार माणसांत विचारायचं कसं? त्यानं मान डोलावली. खोली निघाली अरुंद. मागाचा दांडा भिंतीवर आपटे आणि घोंगडी वीतभर आखूड होई. त्या घरातली मुलं पाय झाकले की डोकं उघडं, डोकं झाकलं की पाय उघडे, अशी वाढली.

त्यातला एक मुलगा पुढं बापाच्या मागावर बसला, आणि बसल्या बसल्या म्हातारा झाला. तो आवाज मात्र त्याच्या कानातून गेला नाही.

एका वर्षी पुरात ती खोली वाहून गेली. माग आणि विणून ठेवलेल्या घोंगड्या तेवढ्या वाचल्या. त्याच सुमारास नगरशेठनं नवी पेठ बांधली, तेव्हा म्हातारा सुनेला घेऊन गाळा बघायला गेला. गाळा मिळाला तरच माग पुन्हा उभा राहणार होता. सुनेच्या डोक्यावर विकायच्या घोंगड्यांची चळत होती.

नगरशेठ गादीवर बसला होता. कारभारी करार वाचत होता. "गाळा बांधीव, दोनशे चौरस हात."

रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हाताऱ्याची मानही हलायला लागली होती. तेवढ्यात त्याच्या कानात झालं, ठप्प.

"कारभारी," तो सावकाश म्हणाला, "बांधीव म्हणजे काय?"

रांग हसली. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो कापडवाला. त्यानं सकाळीच करारावर अंगठा उठवला होता. "आजोबा, केस पिकले आणि एवढं कळत नाही?"

"नाही कळत, बाबा. म्हणून तर विचारतोय."

"बांधीव म्हणजे," कारभारी म्हणाला, "म्हणजे बांधलेलं." आणि घुटमळला. त्याच्या आधीच्या कारभाऱ्यानं लिहिलं होतं तेच तो लिहीत आला होता. त्यानं शेठकडं पाहिलं, शेठनं छताकडं पाहिलं. शेवटी गवंड्याला हाक गेली.

गवंडी हात पुसत आला. "सरळ आहे की. भिंतींची जाडी, पुढचा ओटा, पायऱ्यांतला वाटा, सगळं धरून बांधीव."

"मग भिंतीत बसून विणू, का पायरीवर?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मामंजी," सून हळूच म्हणाली, "आपली एक घोंगडी बरोबर वीस चौरस हातांची. अंथरून बघू या ना."

दोघं समोरच्याच रिकाम्या गाळ्यात घोंगड्या अंथरू लागली. दोनशे हातांत दहा घोंगड्या मावायला हव्या होत्या. सातच मावल्या. आठवी भिंतीशी गोळा होऊन बसली. मागाला तर आठ लागत होत्या.

रांग आता हसेना.

म्हातारा हात जोडून म्हणाला, "शेठ, जिथं घोंगडी पसरते तेवढ्याचं भाडं घ्या. विहीर, दिवाबत्ती, पहारेकरी यांचा वाटा मी आनंदानं देईन. पण तो वाटा म्हणून सांगा, जागेच्या मापात मिसळून नको."

कारभारी करवादला, "आता 'तीन वर्षं मुदतबंद' म्हणजे काय तेही विचार."

"विचारणारच होतो."

या वेळी शेठच बोलला. "तीन वर्षं मी तुला उठवायचं नाही, आणि तूही उठायचं नाहीस."

"मग ते चांगलं आहे. धागा दोन्हीकडून ताणला तरच सरळ राहतो."

शेठ पोट धरून हसला. "कारभारी, आजपासून पेठेतला प्रत्येक गाळा घोंगडीनं मोजा. आणि ह्यांना कोपऱ्यातला गाळा दाखवा."

कोपऱ्यातल्या गाळ्यात नऊ घोंगड्या पसरल्या. माग बसला आणि वर सुनेच्या चुलीलाही जागा उरली. इकडं कासार, हलवाई, तांबोळी सगळ्यांना मोजायला घोंगडी हवी होती. गाळा उघडण्याआधीच चळत विकून संपली. म्हाताऱ्याला हसावं की विणायला बसावं तेच समजेना. दुपारी माग लागला. खट्, खट्, खट्, खट्. पुढं काहीच आपटलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कापडवाला आला. मागावरून नुकतीच उतरलेली घोंगडी मागून त्यानं आपल्या गाळ्यात अंथरून पाहिली, तिथून उचलली, इथं अंथरली, पुन्हा मोजली. मग नीट घडी करून आणून दिली.

"बस, बाबा," म्हातारा म्हणाला. "गूळपाणी घे. शेठ वाईट नाही, विचारलं की सांगतो."

कापडवाल्यानं गूळपाणी घेतलं, भांडं खाली ठेवलं, आणि शेठच्या गादीकडं चालू लागला.

बोध एवढाच: न कळलेल्या शब्दाला मान डोलावू नये, कारण पुढं त्या शब्दात आपल्यालाच राहावं लागतं.