सगुणाचं पत्र

"...मग रोज क्षमा मागूनही मनाला शांती का नाही, बाई?"

दीनाबाई उजगरे लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

रविवारची उपासना संपून तासभर झाला होता. ख्रिस्तमंदिरामागच्या दोन खोल्यांत दीनाबाई एकट्याच राहत. मिशनच्या शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं शिकवलं होतं. गावातल्या अर्ध्या माणसांना अक्षरओळख त्यांनीच करून दिली होती. समोर बसलेल्या एस्तेर वाघचौरेलाही.

एस्तेर आता त्याच शाळेत सातवीला मराठी शिकवायची. तिच्या वर्गाचा निकाल तालुक्यात पहिला यायचा. शिक्षकांची सकाळची प्रार्थनाही तीच चालवायची. प्रार्थना ती सुंदर करायची, आणि ते तिलाही माहीत होतं.

"कसली क्षमा?" दीनाबाईंनी विचारलं.

"एका मुलीला वर्गात थोडं बोलले."

"थोडं म्हणजे?"

"तिच्या चुका समजावून सांगत होते. तिनं मनाला लावून घेतलं. नऊ दिवस झाले, शाळेत येत नाही."

दीनाबाईंनी एक पाकळी सोलून ताटलीत टाकली.

"चुका समजावल्या म्हणून कुणी नऊ दिवस घरी बसत नाही, एस्तेर."

एस्तेरनं पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला.

सहामाहीच्या पेपरात 'मैत्रिणीला पत्र लिहा' असा प्रश्न होता. सगुणा पिंपळे या मुलीने तो सोडवला होता. सगुणाचे वडील वीटभट्टीवर कामाला होते. ती घरी जसं बोलायची, तसंच तिनं लिहिलं होतं. पेपर परत देताना वर्गाला जरा हसू यावं, चुका लक्षात राहाव्यात, म्हणून एस्तेर दरवर्षी एक पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची. यंदा तिनं सगुणाचा निवडला होता.

"वाच," दीनाबाई म्हणाल्या.

एस्तेरनं वाचलं. सावकाश, सरळ आवाजात.

"सुमे, तू कव्हा येशीन. आय मामाच्या गावाला गेली ती आलीच न्हाई. भाकऱ्या मीच थापिते. बा काय बी बोलत न्हाई. तू आली मंजी मला बरं वाटन."

...

"वर्गात असंच वाचलंस?"

"...नाही."

"मग वर्गात वाचलंस तसं वाच."

"बाई..."

"मला ऐकायचंय."

एस्तेरनं कागद पुन्हा समोर धरला. वर्गात तिनं मान वेळावून, हेल काढून वाचलं होतं. 'कव्हा'वर थांबून डोळे मोठे केले होते. 'मंजी'वर तर दोनदा थांबली होती. बेचाळीस मुलं हसली होती.

"सुमे," तिनं सुरुवात केली. "तू कव्हा..."

तिनं पुन्हा 'कव्हा' म्हटलं, आणि कागद खाली ठेवला.

"नाही जमत."

"तेव्हा जमलं."

"तेव्हा मी पत्र वाचत नव्हते, बाई. चुका वाचत होते. त्या पत्रात काय लिहिलंय हे मला तास संपल्यावर कळलं. टीचर्स रूममध्ये. तिचा पेपर माझ्याकडेच राहिला होता, गुणांची बेरीज तपासत होते, तेव्हा."

"किती गुण दिलेस?"

"पाचपैकी एक."

कागदावर लाल शाईची अकरा वर्तुळं होती. 'आय'भोवती एक. 'बा'भोवती एक.

"ती रडली?"

"नाही. आधी तीही हसली. सगळ्यांबरोबर. मग 'आय मामाच्या गावाला' आलं, आणि तिनं बाकाकडे बघायला सुरुवात केली. मी तिच्याकडे बघतच होते, बाई. तरी पुढचं वाचलं."

बाहेर कुणीतरी हातपंप मारत होतं.

"आणि मग क्षमा मागितलीस."

"रोज. शुक्रवारी उपवासही केला."

"कुणाकडे मागितलीस?"

"प्रभूकडे."

"पत्र त्याचं होतं का?"

एस्तेरचा चेहरा लाल झाला. तिला वाटलं होतं की दीनाबाई डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील, एखादं वचन सांगतील, आणि आपण हलक्या मनानं घरी जाऊ. त्याऐवजी आपलीच तपासणी चालली होती. तिला राग आला. आणि रागाच्या भरात, जे बोलायचं तिनं कधीच ठरवलं नव्हतं, ते ती बोलून गेली.

"हे मी तुमच्याकडूनच शिकले, बाई."

दीनाबाईंचा हात थांबला.

"मी चौथीत होते. माझी शुद्धलेखनाची वही तुम्ही वर्गात फिरवली होती. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत. प्रत्येकानं बघायची आणि पुढे द्यायची. माझ्यापर्यंत आली तेव्हा तिच्यावर कुणीतरी नाक पुसलं होतं."

...

"मी घरी जाऊन ते पान शंभर वेळा लिहिलं. त्यामुळेच मी इथवर आले, असं मला वाटायचं. तुमच्या निरोपाच्या समारंभात मी भाषणात सांगितलंही होतं. बाईंनी तेव्हा वही फिरवली नसती तर मी शिक्षिका झाले नसते, म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"मी नाही वाजवल्या," दीनाबाई म्हणाल्या.

त्यांनी ताटली बाजूला सारली. खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला. गुडघे धरले होते, पहिल्यांदा उठता आलं नाही. एस्तेर मदतीला उठू लागली, तर त्यांनी हातानंच तिला बस म्हणून सांगितलं. दुसऱ्या खेपेला त्या उभ्या राहिल्या. एस्तेरसमोर आल्या. चौथीतली मुलं उभी राहतात तशा, हात सरळ खाली सोडून.

"एस्तेर, मी चुकले. तुझी वही मी फिरवायला नको होती. तू भाषण केलंस त्या दिवशी मला ते कळलं. कळूनही सात वर्षं मी त्याबद्दल तुझ्याशी बोलले नाही. लाज वाटली."

एस्तेरला कुठे बघावं ते कळेना.

"बाई, बसा ना."

दीनाबाई उभ्याच राहिल्या.

"बाई, तुमचे गुडघे दुखतील. बसा."

"बसा म्हणतेस. क्षमा केली असं म्हणवत नाही ना?"

एस्तेरनं बराच वेळ विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं. पण समोर त्या तशा उभ्या होत्या.

"...नाही म्हणवत."

दीनाबाईंनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं असेल, पण तसं दिसलं नाही.

"तिलाही म्हणवणार नाही," त्या म्हणाल्या. "तरी जा."

*

एस्तेर त्याच दुपारी गेली.

वीटभट्टीच्या मागे पत्र्याच्या सहा खोल्या होत्या. सगुणाचं घर शेवटचं. दारात वडील बसले होते. बाईंना बघून ते धडपडत उठले, टोपी नीट केली.

"पोरीचं काय चुकलं का, बाई? शाळेत जात न्हाई, मला कायबी सांगत न्हाई. तुम्ही घ्या तिला. मारलं तरी चालंल."

चुलीपाशी बसलेल्या सगुणानं बाईंना पाहिलं आणि परत तव्याकडे बघायला लागली.

"तिचं काही चुकलं नाही," एस्तेर म्हणाली. "माझं चुकलं."

वडिलांना हे कळलं नाही. ते कसनुसं हसले. बाई काहीतरी रीत म्हणून बोलतायत असं त्यांना वाटलं असावं.

एस्तेर चुलीपाशी जाऊन खाली बसली. सगळं वाक्य तिनं वाटेत तयार केलं होतं, चांगलं वाक्य. ते आठवेना.

"सगुणा, तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं. मुलांना हसवायला वाचलं. तू मान खाली घातलीस ते मला दिसलं, तरी मी थांबले नाही. मला क्षमा कर."

सगुणानं भाकरी उलटली.

...

"ते पत्र कुठंय?" तिनं विचारलं.

एस्तेरनं पर्समधून काढून दिलं. सगुणानं ते उघडलं. लाल वर्तुळांवरून तिची नजर खालपर्यंत गेली. मग तिनं कागदाची घडी घातली आणि पिठाच्या डब्याखाली ठेवला.

त्यापलीकडे ती काही बोलली नाही. एस्तेर अर्धा तास बसली. उठली तेव्हा वडील तिला रस्त्यापर्यंत सोडायला आले. वाटेत तीनदा म्हणाले, लेकराला संभाळून घ्या, बाई.

सोमवारी एस्तेरनं वर्गाला सांगितलं. पत्र वाचलं त्या दिवशी आपण एका मुलीची थट्टा केली, ते वाईट होतं, आणि हसलेली मुलं नव्हे, हसवणारी बाई दोषी आहे. वर्गात कुणी हललं नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी उगाचच वही चाळत राहिली. तास संपल्यावर मुलं नेहमीसारखी दंगा करत बाहेर गेली नाहीत. एकेक करून गेली, आणि एस्तेरला ते दंग्यापेक्षा जड गेलं.

बुधवारी सगुणा आली. शेवटच्या बाकावर बसली. एकदाही वर बघितलं नाही.

*

त्या संध्याकाळी एस्तेर परत दीनाबाईंकडे आली. या वेळी पर्समध्ये दुसरा कागद होता. मुख्याध्यापकांच्या नावानं लिहिलेला.

"काय आहे ते?"

"राजीनामा."

दीनाबाईंनी तो मागितला नाही.

"सगुणा आली शाळेत?"

"आली. म्हणूनच." एस्तेर पायरीवर बसली. "आली नव्हती तोवर मला वाटत होतं, ती आली की सुटेन. आता ती समोर बसते आणि मला तोंड वर करवत नाही. काल मंदिरातले पाळकसाहेब म्हणाले, सगळे विसरतील, चार दिवस जाऊ दे. पण मी कशी विसरू? मला वाटायचं, प्रभूनं मला या कामाला बोलावलंय. तसं मी सगळ्यांना सांगायचेही. आता वाटतं, त्यानं दुसऱ्याच कुणाला हाक मारली असेल आणि मी उगाच ओ दिली."

"त्यानं बोलावलं ते तू चांगली आहेस म्हणून, असं वाटायचं तुला?"

"...हो."

"मलाही वाटायचं."

"मग तुमचं काय झालं?"

"तुझी वही फिरवली. आणि दुसऱ्या दिवशी परत वर्गावर गेले. बोलावलेलं तर होतंच ना."

एस्तेरनं कागदाची घडी उलगडली, परत घातली.

"आज शिकवलंस?" दीनाबाईंनी विचारलं.

"शिकवलं. फळ्याकडे तोंड करून."

"हजेरी घेतलीस?"

"मॉनिटरला घ्यायला सांगितली."

"का?"

"तिचं नाव मला घेववलं नसतं, बाई. त्या दिवशी याच तोंडानं..." डोळे पुसायला तिनं पदर घेतला. दीनाबाईंनी तिला रडू दिलं. जवळ गेल्या नाहीत, पाठीवर हात फिरवला नाही. बऱ्याच वेळानं एस्तेर शांत झाली.

"उद्या तू घे," दीनाबाई म्हणाल्या.

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची. पहिल्यापासून. तिच्या नावापाशी घाई करू नकोस."

एस्तेरनं नाक पुसलं. राजीनामा तिच्या मांडीवर तसाच पडला होता.

"मी नाव घेतलं, आणि ती हजर म्हणालीच नाही, तर?"

"तरी तिची हजेरी मांड."