रूथबाईची काडी

एका दुष्काळी वर्षी शांतवनबाबा नावाचे ख्रिस्ती साधू नाताळाआधीचा आगमनकाळ पाळण्यासाठी पिंपरमाळ गावी येऊन राहिले होते. देवळाच्या ओसरीवर त्यांचे घोंगडे असे आणि आत वेदीजवळ त्यांनी एक रिकामी गव्हाण ठेवली होती. बाबांनी गावाला सांगितले, "नाताळला बाळ येशू इथे निजेल. त्याचं अंथरूण आपण करायचं. मनातला एखादा राग खरोखर खाली ठेवलात, की कडब्याची एक काडी आणून ठेवा. राग गेला नसेल तर काडी ठेवू नका. बाळाला टोचेल."

मंडळीचे पंच फिलिपराव यांनी पहिल्याच रविवारी गड्याकरवी पेंढ्याच आणवल्या. गव्हाण भरून गेली. रूथबाई मात्र रोज येई, गव्हाणीपाशी थोडा वेळ उभी राही आणि तशीच परत जाई. ती विधवा होती. नुकत्याच व्यालेल्या एका गाईवर तिचे पोट होते. नाताळ जवळ आला तेव्हा कुठे तिने एक काडी आणून ठेवली.

फिलिपराव हसले. "एवढ्या दिवसांत एकच? मन अगदीच खडकाळ दिसतंय, बाई."

"खडकाळच आहे, दादा. एवढा एकच दगड निघाला."

दोनेक दिवसांनी तिच्या गाईने बसकण मारली. घरचा कडबा संपला होता. गाय उठली नसती तर वासरू गेले असते आणि रूथबाईचा संसारही. तिने फिलिपरावांकडे एक पेंढी मागितली.

"गव्हाणीतली आपली काडी काढून घ्या की," ते म्हणाले.

रूथबाईने हे जसेच्या तसे बाबांना सांगितले. बाबांनी गव्हाण उचलून तिच्या अंगणात आणवली. गंमत पाहायला फिलिपरावही आले.

"तुमच्या पेंढीला हात लावू का, फिलिपराव?" बाबांनी विचारले.

"लावा."

गाईने पेंढी हुंगली आणि तोंड फिरवले. कडबा चांगला होता. त्याला ना बुरशी होती, ना कुबट वास. मग बाबांनी पेंढ्यांवर सुटी पडलेली रूथबाईची काडी पुढे धरली. गाय खाऊ लागली. ती कडाकडा चावत होती आणि बाबांच्या हातातली काडी होती तेवढीच राहत होती! गाईच्या खपाटीला गेलेल्या कुशी भरल्या. ती गुडघ्यांवर आली, उभी राहिली आणि वासरू तिला लुचू लागले.

फिलिपराव हळू आवाजात म्हणाले, "बाई, या काडीत कोणावरचा राग होता?"

रूथबाईने बाबांकडे पाहिले. बाबांनी मानेनेच 'सांग' म्हटले.

"तुमच्यावरचाच, दादा. आमच्या यांच्या मयतीला तुम्ही मंडळीची बैलगाडी दिली नाहीत. भर उन्हात खांद्यावरून न्यावं लागलं."

"आणि मी पेंढी नाकारली, तेव्हा?"

"तेव्हा परत आला होता राग. म्हणून तर तो पुन्हा खाली ठेवायला आधी बाबांकडे पळाले. नाहीतर काडी उचलून आणावी लागली असती."

फिलिपरावांनी फेटा काढला आणि ते बाबांच्या पायांवर वाकले. बाबांनी त्यांना प्रेमाने धरून उठवले. "माझं तुम्ही कुठं काय वाईट केलंत?"

तेव्हा फिलिपराव वळले. त्या नुकत्याच सारवलेल्या अंगणात त्यांनी रूथबाईसमोर गुडघे टेकले.

"उठा, दादा," ती म्हणाली. "सारवण ओलं आहे. धोतर भरेल."