मागे जायचं बटण

“आणि मागे जायचं असलं, तर?”

जमनाबाईंनी विचारलं आणि टॅबवर टेकवलेलं बोट तसंच राहू दिलं.

“मागे जाता येत नाही, बाई,” हेरंब म्हणाला. “तीच तर यातली खुबी आहे.”

हेरंब पुण्याचा. टॅबवर बघून शिकायचे धडे तयार करणं हा त्याचा धंदा. त्यात त्याचं नाव होतं, आणि आपलं नाव आहे हे त्याला चांगलं ठाऊकही होतं.

जमनाबाई पाडवी सातपुड्यातल्या एका लहानशा प्रशिक्षण केंद्रातल्या जुन्या नर्स. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, हे त्या अडतीस वर्षं शिकवत आल्या होत्या. बाईंच्या हाताखालून गेलेल्या सुईणीजवळ मूल सहसा दगावत नाही, असं डोंगरातले लोक म्हणत. आता गुडघे धरले होते. दूरच्या पाड्यांवर जाणं होत नव्हतं. म्हणून त्यांची विद्या धड्यात उतरवून घ्यायला हेरंबला बोलावलं होतं.

“धडा चालवायची, पडद्याच्या तळाशी दिसणारी एक तयार पट्टी सॉफ्टवेअरमध्येच मिळते,” तो सांगू लागला. “सगळे तीच ठेवतात. मी ती मोडून नव्याने घडवली. माझ्या पट्टीवर पुढे ओढता येत नाही, थांबवता येत नाही, मागेही नेता येत नाही. एकदा सुरू झालं की शेवटपर्यंत बघायचंच.”

“का रे?”

“लोक फसवतात, बाई. पट्टी शेवटाला ओढायची, प्रमाणपत्र घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. आता बघू कोण पळतं ते!”

जमनाबाई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. दाराशी बसलेल्या रेवाबाई वसावेला त्यांनी खुणेने जवळ बोलावलं. गावाने नुकतंच आरोग्याच्या कामाला निवडलेली ही बाई दोन टेकड्या ओलांडून शिकायला आली होती.

“बघ गं,” बाई म्हणाल्या.

रेवाबाई बघू लागली. बाळाच्या तोंडावर मास्क बसवायची जागा आली तसं तिचं बोट आपोआप पडद्यावर गेलं. एकदा टेकवलं, दोनदा टेकवलं. धडा आपला पुढेच चालला. तिचे ओठ मागचंच काहीतरी पुटपुटत राहिले.

बावीस मिनिटांनी पडद्यावर फुलं उधळली गेली. अभिनंदन!

“झालं पूर्ण,” हेरंब म्हणाला.

रेवाबाईने मान खाली घातली.

“मास्क आधी कुठे टेकवला, ते निसटलं माझ्याकडून,” ती हळूच म्हणाली. “मग तेच शोधत बसले… पुढचं काही दिसलंच नाही.”

“मग पुन्हा लावा की पहिल्यापासून!”

त्याचा आवाज जरा चढलाच. जमनाबाई उठल्या. कपाटातून शिकवायचं रबरी बाळ आणि हवेची पिशवी जोडलेला मास्क काढून त्याच्या हातात ठेवला.

“कर.”

“मी?”

“तूच.”

हेरंब चटईवर बसला. त्याने बाळ पुसलं, पाठ चोळली, डोकं किंचित मागे झुकवलं. मास्क आधी हनुवटीवर टेकवला, मग नाकावर आणला. पिशवी दाबली. रबरी छाती अलगद वर आली. पुन्हा दाबली. पुन्हा वर आली.

रेवाबाई पुढे सरकून बघू लागली. जमनाबाईंच्या चेहऱ्यावर तर कौतुक मावत नव्हतं.

“वा रे वा! पहिल्याच खेपेला असा मास्क बसवणारा मी अडतीस वर्षांत पाहिला नाही. कुणापाशी शिकलास?”

हेरंबचे कान लाल झाले.

“कुणापाशी नाही, बाई. धडा जोडत होतो ना, तेव्हा हा तुकडा थांबवायचो, मागे न्यायचो, परत चालवायचो. शंभरदा तरी मागे…”

वाक्य तिथेच राहिलं.

बाहेर कुणीतरी हातपंप हापसत होतं.

रबरी बाळ जमनाबाईंनी त्याच्या हातून घेतलं, पुसलं आणि रेवाबाईच्या मांडीवर दिलं.

हेरंबने लॅपटॉप उघडला. पट्टी समोर आली, तरी हात लवकर चालेना.

“आणि ज्या पुढे पळतील, त्यांचं काय, बाई?”

“पळू दे. बाळ हातात आलं की भल्याभल्यांचे पाय थांबतात. परत यायला वाट असली म्हणजे झालं.”

इतक्या वर्षांत त्याने शेकडो पट्ट्या घडवल्या होत्या. शिकणाऱ्याला काही विचारलं मात्र नव्हतं. आज तो खुर्चीवरून उतरून रेवाबाईसमोर चटईवर बसला.

“ताई, मागे जायचं बटण कुठे ठेवू?”

ती लाजली. मग टॅब एका हातात धरून तिने अंगठा कुठवर पोचतो ते पाहिलं.

“इथे. पोर कडेवर असलं तरी दाबता येईल. आणि मोठं कर, भाऊ.”

त्याने मोठं केलं. एका दाबात दहा सेकंद मागे. शेजारी थांबायचं आणि पुढे जायचं, अशी दोन लहान बटणं ठेवली.

रेवाबाई पुन्हा बसली. थांबली, मागे गेली, बाळावर करून पाहिलं, पुन्हा मागे गेली. सहाव्या की सातव्या वेळी रबरी छाती वर आली, आणि ती इतकी मोठ्याने हसली की हापसणाराही थबकला.

हेरंबने वाकून जमनाबाईंच्या पायांना हात लावला. बाईंचं लक्षच नव्हतं. त्यांनी टॅब आपल्याकडे ओढून घेतला होता.

धड्याच्या शेवटाला एक खरं बाळंतपण होतं, त्या आईला विचारून केंद्रातच चित्रित केलेलं. निळी पडलेली, निपचित मुलगी, आणि तिच्यावर झुकलेले जमनाबाईंचे हात. बाई तेवढंच बघत होत्या. संपलं की अंगठ्याने मागे नेत होत्या. परत. आणखी एकदा परत.

हेरंबला राहवलं नाही.

“बाई, हे हात तर तुमचेच आहेत. तुम्हाला त्यात काय नवीन?”

जमनाबाईंनी नजर न उचलता तळवा वर केला.

“शू… थांब. आता रडेल ती.”