चंबूतली खिडकी

"सांगा बघू मास्तर, काय बदललंय?"

लुबर्ट हाताची घडी घालून चित्राशेजारी उभा होता. हसू दाबून दाबून गाल दुखायला लागले होते त्याचे.

म्हातारे तेउनिस मास्तर खुर्चीतून पुढं वाकले. हॉलंडातल्या त्या कालव्याकाठच्या गावात त्यांच्यासारखा चितारी दुसरा नव्हता. त्यांनी काढलेलं लिंबू नुसतं बघितलं तरी माणसाचे दात आंबायचे.

लुबर्ट सहा वर्षं त्यांच्याकडे रंग घोटत होता. आता चिताऱ्यांच्या पंचायतीपुढं जायचं, तर कागदावर मास्तरांचा शिक्का हवा. शिक्का नसेल तर स्वतःच्या नावानं साधा बटाटासुद्धा रंगवून विकता येत नसे. आणि मास्तरांचं आपलं दर वेळी एकच. "थांब. अजून डोळा तयार नाही."

डोळा तयार नाही म्हणे!

म्हणून मास्तर सकाळी प्रार्थनेला गेले तेवढ्यात पठ्ठ्यानं त्यांच्या चित्रावर ब्रश फिरवून डाव साधला होता.

"नाही ओळखलंत तर आजच्या आज शिक्का," लुबर्ट म्हणाला. "ओळखलंत तर आणखी वर्षभर गप रंग घोटीन."

मास्तरांनी चित्रातला पाव बघितला. मासा बघितला. अर्धवट सोललेलं लिंबू बघितलं. मग कथलाचा चंबू, नुकतीच कल्हई केल्यासारखा चकचकीत...

तिथं थांबले.

थांबलेच.

"खिडकी," ते हळूच म्हणाले.

"हरलो! कबूल! पण चूक कुणाची होती ते पण सांगा की." लुबर्टची गाडी सुटली. "चंबूच्या पोटात समोरची खिडकी दिसते. आपल्या खिडकीला तावदानं सहा. तुम्ही काढलेली चार. वर आणि पडदा! इथं पडदा आहे तरी कुठं? मी नीट मोजून सहा केली. समोर असेल तेच काढायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना? मग डोळा कुणाचा तयार नाही, मास्तर?"

मास्तरांनी खुर्ची चित्राजवळ ओढली.

"आणि तो पांढरा ठिपका?" त्यांनी विचारलं.

"तो शितोडा? तो पण भरून टाकला. ब्रश झटकताना उडाला असेल. वय झालं की हात कापतोच माणसाचा."

बोलून गेला, आणि त्याचं त्यालाच वाटलं, जीभ जरा जास्तच लांब गेली.

मास्तर उठले. फडक्याचं टोक जवसाच्या तेलात बुडवलं आणि चित्रातल्या चंबूवरून फिरवलं. एकदा. दोनदा. लुबर्टची ओली सहा तावदानं फडक्यात आली. खालून जुनी चार वर आली, वाळून घट्ट झालेली. निळा पडदा, अर्धा सरकवलेला. आणि तो ठिपका.

मास्तरांनी भिंग लुबर्टच्या हातात दिलं.

ठिपका कसला! डोक्याला पांढरं फडकं बांधून एक बाई बसली होती. तिळाएवढी. मांडीवर टोपली, मान खाली.

"वाटाणे सोलतेय," मास्तर म्हणाले. "टोपलीत एक टाकायची, तोंडात दोन. माझ्या पानात काय यायचं? सालं!" ते हसले. "मी इकडून ओरडायचो, नेल्चे, हलू नकोस गं. की मुद्दाम हलायची..."

नेल्चे म्हणजे मास्तरांची बायको. लुबर्टनं तिला कधी बघितलं नव्हतं. बांधापलीकडच्या जुन्या घरात ती तापानं गेली, आणि मास्तर चार भांडी उचलून इकडं राहायला आले. त्याला चौदा वर्षं झाली होती. गावात कुणीही सांगितलं असतं.

लुबर्ट भिंग घेऊन भिंतीकडं गेला. तिथं मास्तरांची सात-आठ चित्रं टेकवून ठेवलेली होती.

पेल्यात चार तावदानं. चमच्याच्या पाठीवर चार. एका माशाच्या डोळ्यात, राईएवढ्या जागेत, तिथंही चार. आणि प्रत्येक खिडकीत ती.

सहा वर्षं तो ही चित्रं उचलत होता, पुसत होता, गिऱ्हाईक आलं की पुढं करत होता.

सहा वर्षं!

त्यानं शिक्क्यासाठी आणलेला कागद खिशात कोंबला. "चुकलो, मास्तर. बसतो रंग घोटायला."

"आण तो कागद इकडं."

मास्तरांनी लाख वितळवली, कागदावर थेंब पाडला आणि शिक्का दाबला. जरा तिरकाच बसला.

"पण मास्तर... मी तर हरलो ना?"

मास्तरांनी टेबलावरचा खरा चंबू उचलला, बाहीनं पुसला आणि लुबर्टच्या ओंजळीत ठेवला. त्याच्या पोटात सहा तावदानं लखलखत होती.

"तुझं बरोबर आहे रे. सहाच आहेत. चार होती ती त्या जुन्या घराला. जायच्या आधी एवढं काम कर माझं. या चंबूला सांग, घर बदललंय म्हणून. चौदा वर्षं झाली... माझ्याच्यानं नाही झालं."