अध्यक्षांचे सासरे

आमच्या सैनिक पतसंस्थेत सभासद व्हायचं, तर आपण तरी फौजेत असावं, नाहीतर घरातलं कुणीतरी. अध्यक्ष रंगराव स्वतः कधी फौजेत गेले नाहीत, मिशा मात्र कर्नलच्या.

दिवंगत हवालदार निकमांची लेक इंदुमती गिरणीसाठी कर्ज हवं म्हणून सभासद व्हायला आली.

रंगराव म्हणाले, "लग्न झालं की माहेर तुटलं. बापाची नोकरी लेकीला चालत नाही."

इंदुमतीने त्यांच्या खुर्चीमागच्या फोटोकडे बोट दाखवलं. "हे कोण हो?"

"आमचे सासरे, सुभेदार! त्यांच्या नोकरीवरच तर मी सभासद झालो."

"अस्सं? म्हणजे वहिनींचं माहेर अजून तुटलं नाही. मग लग्नाची तारीख कधी काढताय?"

रंगरावांनी तिच्या अर्जावर सही केली. तीही सुभेदारांसमोर असल्यासारखी, उभ्यानेच.